लांबून चालणारा कॉम्प्युटर आणि एकातून दहा कॉम्प्युटर



आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे. हे ऐकल्याबरोबर काही जणी म्हणतील, हा पोरांचा विषय, आपण तोवर भाकरी टाकून घेऊ. भाकरी टाका, पण रेडिओ चालू ठेवा. कारण सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. म्हणजे शाळेत कॉम्प्युटर घ्यायचा ठराव झाला की त्याखाली तुमचीही सही येते. ग्रामसंघाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला की बिलावर अध्यक्ष आणि कोषाध्यक्षांची सही येते. सही आपली, पैसा गावाचा, मग विषयही आपलाच झाला.

हल्ली गावात दोन तऱ्हेची माणसं कोटेशन घेऊन येतात. एक म्हणतो, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एक सॉफ्टवेअर टाकून देतो. काही बिघडलं तर मी तालुक्याला बसून दुरुस्त करीन, तुम्हाला गाडीभाडं नको." दुसरा म्हणतो, "दहा कॉम्प्युटर कशाला घेता? एकच चांगला घ्या, त्यातून दहा पोरं बसवून देतो." दोघांचंही बोलणं खरं असू शकतं. पण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्यांचे फायदे वेगळे आणि धोकेही वेगळे. कोटेशनमध्ये मात्र दोन्हींना अशी भारी नावं असतात की आपण नुसती मान हलवतो. आज ती नावं सोडवून बघू.

पहिल्याला म्हणतात रिमोट ॲक्सेस. म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवणं. आपल्या ऑफिसातला कॉम्प्युटर आपल्यापुढं चालू आहे, त्याचा पडदा तालुक्याच्या माणसाला त्याच्या पडद्यावर दिसतो. तो तिकडं माउस हलवतो, इकडं आपला बाण हलतो. कॉम्प्युटर एकच, फक्त हात दुसऱ्याचे. शेजारणीला घराची किल्ली देऊन आपण बाजाराला जातो, तसा हा प्रकार आहे.

दुसऱ्याला म्हणतात डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशन. नाव अवघड, गोष्ट सोपी. विहीर एकच असते, मोटार एकच असते, पण पाट काढून दहा वाफ्यांना पाणी देता येतं. तसा एक ताकदीचा कॉम्प्युटर मध्ये ठेवायचा आणि त्याच्या ताकदीतून दहा जणांना आपापला वेगळा पडदा द्यायचा. प्रत्येकापुढं मॉनिटर, की-बोर्ड, माउस आणि एक लहानशी डबी असते. त्या डबीला थिन क्लायंट म्हणतात. काम सगळं मधल्या कॉम्प्युटरमध्ये होतं, डबी फक्त चित्र आणते आणि आपण दाबलेली बटणं तिकडं पोचवते.

आता आधी पहिली गोष्ट नीट बघू.

लांबून कॉम्प्युटर चालवायची बरीच सॉफ्टवेअर आहेत. आपल्याकडं जास्त ऐकू येणारी नावं म्हणजे एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर. दोन्ही मूळची जर्मनीची. दोन्हींची रीत सारखीच आहे. सॉफ्टवेअर उघडलं की आपल्या पडद्यावर नऊ-दहा आकडी नंबर येतो. तो नंबर आपण समोरच्याला सांगायचा. मग एनीडेस्क आपल्याला विचारतं, येऊ देऊ का? आपण हो म्हटलं की तो आत. टीमव्ह्यूअरमध्ये नंबराच्या जोडीला पासवर्डही सांगावा लागतो. दोन्ही घरगुती वापराला फुकट आहेत, पण ऑफिसच्या, धंद्याच्या कामाला परवाना विकत घ्यावा लागतो. फुकटचं घेऊन रोज ऑफिसचं काम केलं तर ते सॉफ्टवेअरला ओळखू येतं आणि मधेच जोडणी तुटायला लागते. म्हणून कोणी "फुकट टाकून देतो" म्हणाला तर विचारायचं, "दादा, हे संस्थेलाही फुकट आहे, की फक्त घरी वापरायला?"

विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचंच क्विक असिस्ट नावाचं साधन आहे. विंडोज ११ मध्ये ते आधीपासूनच असतं. मदत करणाऱ्याला त्याच्या खात्यानं आत जावं लागतं, त्याला एक कोड मिळतो, तो कोड आपण आपल्याकडं टाकायचा. कोड थोडा वेळच चालतो आणि काम झालं की जोडणी संपते. अधूनमधून मदत लागणाऱ्या ग्रामसंघाला हे पुरेसं आहे, वेगळं काही विकत घ्यायला नको.

गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉपही फुकट आहे. त्याला गूगलचं खातं लागतं. एखाद्या वेळची मदत घ्यायची तर बारा आकडी कोड द्यावा लागतो, तोही थोड्या वेळात निकामी होतो. आणि जोडणी चालू असताना दर अर्ध्या तासानं ते विचारतं, अजून चालू ठेवायचं का? ही सोय मला फार आवडते. आपण चहाला उठून गेलो आणि समोरचा तसाच आत राहिला, असं सहज होत नाही.

रस्टडेस्क नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा मूळ मजकूर कोणालाही तपासता येतो. एखादी संस्था मधला सर्व्हर स्वतःचा ठेवू शकते. पण तो सांभाळायला जाणता माणूस लागतो. जिल्ह्याच्या पातळीवरच्या मोठ्या संस्थेला ते जमेल, एका ग्रामसंघाला ते झेपणारं नाही.

आणखी एक म्हणजे विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप. इथं एक खोच आहे. ज्या कॉम्प्युटरमध्ये लांबून शिरायचं, त्यात विंडोजची प्रो आवृत्ती लागते. घरगुती म्हणजे होम आवृत्तीत ते चालत नाही. शिवाय ते थेट इंटरनेटवर उघडं ठेवलं तर चोर पासवर्ड लावून लावून बघतात आणि एकदा आत शिरले की फायलींना कुलूप घालून खंडणी मागतात. म्हणून ते ठेवायचंच असेल तर व्हीपीएन नावाच्या बंद वाटेनंच ठेवायचं.

या सगळ्याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि चांगला आहे. ग्रामसंघाचे हिशेब ऑडिटला द्यायचे असतात. पूर्वी रजिस्टरांची पिशवी घेऊन एसटीनं तालुक्याला जायचं, दिवस मोडायचा, मजुरी बुडायची. आता लेखापाल त्याच्या ऑफिसात बसून आपल्या कॉम्प्युटरवरची नोंद बघतो, चूक दाखवतो, आपण लगेच दुरुस्त करतो. हिशेबाच्या कामाला मोबाइलचं हॉटस्पॉटही पुरतं, कारण आकडे हळूहळू हलले तरी चालतात. प्रिंटर अडला, नवा फॉर्म उघडेना, अशा वेळी बसल्या जागी मदत मिळते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की याची किंमत कळते.

पण मैत्रिणींनो, किल्ली देण्याची गोष्ट आहे, तर किल्ली कोणाला दिली हे बघावं लागतं. आपल्याकडं म्हण आहे, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. ती इथं तंतोतंत लागू पडते.

रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना एक सावधगिरीची सूचना दिली होती. तिच्यात एनीडेस्कचं नाव घेऊन सांगितलं होतं की ठग लोक ग्राहकाला हे ॲप मोबाइलमध्ये घ्यायला लावतात, नऊ आकडी कोड विचारून घेतात आणि मग त्याच्याच फोनमधून व्यवहार करतात. यात ॲप वाईट आहे असं नाही. कोयता ऊस तोडायला असतो, पण चुकीच्या हातात गेला तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. नाव एनीडेस्कचं आलं तरी ठग कुठलंही असं ॲप वापरू शकतो.

आमच्या शेजारच्या प्रभागातल्या एका गटाच्या कोषाध्यक्ष ताईंना असाच फोन आला. "तुमचं केवायसी संपलंय, आज दुपारी खातं बंद होईल." खातं बंद झालं तर गटाचा हप्ता अडकेल, ही त्यांना पहिली काळजी. समोरचा अगदी ताई-ताई करून बोलत होता. त्यानं एक ॲप घ्यायला सांगितलं, पडद्यावरचा नंबर विचारला, "फक्त दहा रुपये पाठवून बघा, खातं चालू होतंय का" असं म्हणाला. दहा रुपये पाठवताना ताईंनी पिन टाकला, तो त्याला दिसला. आलेले ओटीपीही दिसले. शेळ्या विकून आलेले पैसे होते, ते अर्ध्या तासात गेले. नशीब एवढंच की गटाचं खातं त्या फोनला जोडलेलं नव्हतं. पुढं जे झालं ते जास्त वाईट. लाजेपायी त्यांनी दोन दिवस घरात कोणाला सांगितलंच नाही. सांगितलं तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पार निघून गेले होते.

म्हणून हे सगळ्यांनी पाठ करा. असं झालं तर पहिल्यांदा फोनचं इंटरनेट बंद करायचं, म्हणजे समोरच्याचा हात तुटतो. लगेच दुसऱ्या फोनवरून १९३० हा नंबर लावायचा. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा मदत क्रमांक आहे. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवायचं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. लवकर कळवलं तर पैसे मधल्या खात्यातच थांबवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणानं, म्हणजे पिन-ओटीपी देऊन पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा असतो आणि कळवल्यानंतर जो व्यवहार होईल त्याचा तोटा बँकेचा. म्हणजे एकेक मिनिटाला किंमत आहे. फसवणारा रोज हेच काम करतो, आपल्याला ते पहिल्यांदाच भेटतं. त्यात लाज कसली? लाज त्यानं बाळगायची.

ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी मी आमच्या ग्रामसंघांना चार नियम करून घ्यायला सांगते. एक, मदत मागणारा फोन आपण करायचा. समोरून फोन आला आणि कोणी आत यायचं म्हणालं, तर नाही म्हणायचं, मग तो बँकेचा असो की कंपनीचा. दोन, लांबचा माणूस आत असताना आपली एक बाई पडद्यापुढं बसलेलीच पाहिजे, आणि त्या वेळी बँकेचं पान किंवा मोबाइलवरचा ओटीपी उघडायचा नाही. तीन, आपण नसताना केव्हाही आत येता येईल असा कायमचा पासवर्ड ठेवायचा नाही. इंग्रजीत त्याला अनअटेंडेड ॲक्सेस म्हणतात. कोटेशनमध्ये हा शब्द दिसला की बोट ठेवून विचारायचं. चार, ऑपरेटर मुलगा किंवा मुलगी काम सोडून गेली की त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलायचे. त्या कॉम्प्युटरमध्ये शंभर-दोनशे बायकांचे आधार नंबर, पासबुकच्या प्रती, कर्जाचे हिशेब असतात. त्या बायकांनी विश्वासानं ठेवलेली ती ठेव आहे.

आता दुसऱ्या गोष्टीकडं वळू. एकातून दहा.

शाळांसाठी ही कल्पना नवीन नाही. युरोपातल्या मॅसेडोनिया नावाच्या लहान देशानं २००७ साली प्रत्येक मुलामागं एक कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं आणि एनकॉम्प्युटिंग नावाच्या कंपनीच्या अशा डब्या लावून लाख-दीड लाखाहून जास्त जागा केल्या. आपल्या शेजारी, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातही सुमारे ५,००० सरकारी शाळांत याच कंपनीची पद्धत घेतली होती. कारण सरळ आहे. एक मूल शब्द टाइप करतं, चित्र काढतं, गणिताचा खेळ खेळतं, तेव्हा आजच्या कॉम्प्युटरच्या ताकदीचा लहानसा भागच खर्ची पडतो. बाकी ताकद नुसती बसून असते. ती वाटून घ्यायची, एवढंच.

फायदा कशात होतो ते विजेच्या हिशेबानं बघू. साधारण अंदाज धरा. जुना टेबलावरचा कॉम्प्युटर ८० वॅट खातो आणि मॉनिटर २० वॅट. असे दहा म्हणजे १,००० वॅट. तासाला एक युनिट. आता डबीची पद्धत. डबी १० वॅटची धरली तर दहा डब्यांचे १०० वॅट, मधल्या मोठ्या कॉम्प्युटरचे २००, आणि दहा मॉनिटरचे तेच २००. सगळे मिळून ५००. म्हणजे निम्मं. ज्या बॅटरीवर कॉम्प्युटरचा तास जेमतेम एक तास चालायचा, तिथं तो जवळजवळ दोन तास चालेल. ज्या गावात शाळेच्या वेळेतच लाईट जाते, तिथं बिलापेक्षाही या एका तासाचं मोल जास्त.

दुसरा फायदा देखभालीचा. नवा धडा, नवं सॉफ्टवेअर टाकायचं तर ते एकाच ठिकाणी टाकायचं. व्हायरसचा बंदोबस्तही एकाच ठिकाणी. डबीत बिघडण्यासारखं फार काही नसतं. आणि डबी चोरीला गेली तरी माहिती जात नाही, कारण ती डबीत नसतेच.

आता तोटे. पहिला आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मधला कॉम्प्युटर बसला की दहाही पडदे काळे. आमच्या भागातल्या एका शाळेत हेच झालं. समितीनं लोकवर्गणी काढली, आठ जागांची खोली तयार झाली, पोरं खूश. कोटेशन कमी करायचं म्हणून यूपीएस आणि अर्थिंग वगळलं होतं. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि मधला कॉम्प्युटर जळाला. आठही डब्या चांगल्या, मॉनिटर चांगले, पण खोलीला दोन महिने कुलूप. वेगवेगळे आठ कॉम्प्युटर असते तर दोन-तीन गेले असते, बाकीच्यांवर पोरं आळीपाळीनं बसली असती. नंतर त्या समितीतल्या बायकांनी पुन्हा वर्गणी काढली. या वेळी आधी अर्थिंग आणि यूपीएस केलं, मग कॉम्प्युटर आणला. आणि दर शनिवारी फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कमध्ये काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायची, असा ठराव केला. तो ठराव प्रत्येक शाळेनं उतरवून घ्यावा असा आहे.

दुसरा तोटा परवान्याचा. विंडोजच्या नेहमीच्या परवान्यावर एका कॉम्प्युटरवर एका वेळी एकानंच काम करायचं असतं. एकाच वेळी दहा जणांना बसवायचं तर विंडोज सर्व्हर लागतो आणि त्याशिवाय प्रत्येक जागेचा वेगळा परवानाही लागतो. काही विक्रेते कोटेशनमध्ये फक्त डब्यांची किंमत लावतात आणि परवान्याबद्दल बोलत नाहीत. मग कोटेशन स्वस्त दिसतं. तेव्हा परवान्याची ओळ वेगळी लिहून मागा.

तिसरा तोटा व्हिडिओचा. दहा पोरांनी एकाच वेळी दहा वेगळे व्हिडिओ लावले तर पडदे अडखळायला लागतात. मग वाफ्याला पाणी पोचत नाही तशी गत. शाळेत व्हिडिओवरच जास्त शिकवायचं असेल, तर एक मोठा पडदा आणि प्रोजेक्टर हा जास्त चांगला उपाय आहे.

परवान्याच्या खर्चावर एक उपाय आहे, तो म्हणजे लिनक्स. ही फुकट मिळणारी प्रणाली आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं अशाच मुक्त प्रणालीवर शिकवतात. लिनक्समध्ये एलटीएसपी नावाचं एक सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे. त्याची गंमत अशी की ते जुन्या कॉम्प्युटरना पुन्हा कामाला लावतं. शाळेच्या कोपऱ्यात हार्ड डिस्क गेलेले कॉम्प्युटर धूळ खात पडलेले असतात बघा. ते नेटवर्कच्या वायरनं मधल्या कॉम्प्युटरला जोडले की तिथून प्रणाली उचलतात आणि चालू होतात. फक्त त्यांची मेमरी साधारण दोन जीबी तरी असावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळं बरेच चांगले चालणारे कॉम्प्युटर भंगारात काढायचा विचार चालू आहे. भंगारवाल्याला द्यायच्या आधी हा मार्ग बघा. मात्र लिनक्स जाणणारा शिक्षक किंवा तरुण जवळपास असायला हवा, नाहीतर पहिल्या अडचणीला खोली बंद पडते. आणि पोरांना मराठी टायपिंग नीट येतंय का, हे आधी एका कॉम्प्युटरवर करून बघायचं.

शाळेसाठी आणखी एक सांगायचं राहिलं. लांबून कॉम्प्युटर बघायचं सॉफ्टवेअर खोलीच्या आतल्या आतही कामाला येतं. व्हेयॉन नावाचं एक मुक्त आणि फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यानं गुरुजींना किंवा बाईंना आपल्या जागेवरून सगळ्या पोरांचे पडदे दिसतात, अडलेल्या मुलीला तिथूनच करून दाखवता येतं. याला इंटरनेट लागत नाही. पण पोरांना आधी सांगून ठेवावं की पडदा बघितला जातो. चोरून बघू नये.

आता तिसरा प्रकार थोडक्यात. यात मधला कॉम्प्युटर आपल्या गावात नसतोच, तो लांब कुठंतरी कंपनीच्या मोठ्या केंद्रात असतो आणि आपण इंटरनेटवरून त्यात काम करतो. सिट्रिक्स किंवा मायक्रोसॉफ्टचं अझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉप ही त्यातली नावं. २०२० च्या टाळेबंदीपासून मुंबई-पुण्याच्या पुष्कळ ऑफिसांची कामं अशी घरून व्हायला लागली. तुमच्या लेकी-सुना घरी लॅपटॉपवर काम करतात, तेव्हा समोर दिसणारा पडदा अनेकदा ऑफिसच्या केंद्रातला असतो. ऑफिसची माहिती घरच्या लॅपटॉपमध्ये उतरतच नाही. कंपनीच्या दृष्टीनं हे सुरक्षित. आपल्या दृष्टीनंही बरं, कारण साधा लॅपटॉप पुरतो. पण इंटरनेट गेलं की काम थांबलं, आणि भाडं महिन्याच्या महिन्याला. शाळेला आणि ग्रामसंघाला हा प्रकार सध्या तरी घेऊ नका. भारतनेटची वायर ग्रामपंचायतीपर्यंत आली असली तरी ती रोज चालू असते का, ते तुम्हीच मला सांगा.

इथंच एक इशारा. "घरबसल्या डेटा एंट्रीचं काम" म्हणून एखादी अनोळखी कंपनी मुलीला पहिल्याच दिवशी रिमोटचं ॲप घ्यायला लावते, किंवा आधी अनामत मागते, तर तिथंच थांबायचं. खरी कंपनी पगार देते, अनामत मागत नाही.

मग घ्यायचं काय? मी असं सांगते.

ग्रामसंघाच्या ऑफिसात एक-दोनच कॉम्प्युटर असतात. तिथं डबीची पद्धत नको. साधा कॉम्प्युटर, यूपीएस, आठवड्याची बॅकअप प्रत, आणि मदतीसाठी क्विक असिस्ट किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉप. एवढं पुरे. रोज लांबून काम करवून घ्यायचं असेल तर ज्या सॉफ्टवेअरचा परवाना संस्थेच्या नावानं मिळतो ते घ्या आणि पावती जपून ठेवा.

शाळेत आठ-दहा किंवा जास्त जागा हव्या आहेत, लाईटची अडचण आहे, आणि जवळ एक जाणता माणूस आहे, तर एकातून दहा ही पद्धत चांगली. जाणता माणूस नसेल, तर चारच वेगळे कॉम्प्युटर घ्या आणि पोरांना पाळ्या लावा. बंद पडलेल्या दहा जागांपेक्षा चालू असलेल्या चार बऱ्या.

शिवणकाम, पापड-मसाल्याचा उद्योग चालवणाऱ्या गटांना एखादं जुनं बिलाचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, अशी अडचण येते. त्यांच्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा जुना कॉम्प्युटर तयार करतं. त्यात जुनी प्रणाली आणि जुनं सॉफ्टवेअर चालतं. फक्त त्या आतल्या जुन्या प्रणालीला इंटरनेट जोडू नका, कारण तिची सुरक्षा जुनी झालेली असते.

आता कागद-पेन्सिल घ्या. विक्रेता आला की सहीच्या आधी त्याला हे प्रश्न विचारायचे. मधला कॉम्प्युटर बंद पडला तर किती दिवसांत चालू करून द्याल, आणि तोवर पर्यायी कॉम्प्युटर द्याल का? परवाने कोणाच्या नावावर, किती जागांचे, किती वर्षांचे? दरवर्षी पुन्हा पैसे भरावे लागतील का? यूपीएस, अर्थिंग, नेटवर्कची वायर यात धरली आहे का? लांबून आत येण्याची किल्ली कोणाकडं राहणार आणि ती आम्हाला बदलता येईल का? उद्या तुमच्याशी करार संपला तर आमची माहिती आम्हाला कशी परत मिळेल? आणि शेवटचं, हीच पद्धत तुम्ही जवळच्या कोणत्या शाळेत बसवली आहे, आम्ही जाऊन बघतो.

या शेवटच्या प्रश्नानं पुष्कळ गोष्टी उघड होतात. खरंच जाऊन बघा. चार बायका मिळून जा. खोली उघडी आहे का, डब्यांवर धूळ आहे का, पोरं स्वतः चालू करतात का, हे बघायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. लग्नाआधी आपण स्थळ बघायला जातो तेव्हा घरातली चूल, अंगण, बोलणंचालणं बघूनच अंदाज घेतो ना? तेच डोळे इथं लागतात. उत्तरं मिळाली की ती कोटेशनवर लिहून घ्या, विक्रेत्याची सही घ्या आणि मग ती सगळी उत्तरं प्रोसिडिंगमध्ये उतरवा. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं.

पुढच्या मासिक सभेत हे प्रश्न एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ते समजतील, कारण ते व्यवहाराचे प्रश्न आहेत आणि व्यवहारात आपण कच्च्या नाही. पै-पै जमवून गट उभा केलेल्या बायका आपण. सभेतून उठायच्या आधी १९३० हा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये घालून द्या, आणि एकमेकींना सांगा की कोणी फसली तर तिला कोणी बोल लावायचा नाही, आधी फोन लावायचा.

तुमच्या शाळेत किंवा ऑफिसात काय पद्धत आहे, काय चाललं, काय बंद पडलं, ते आपल्या रेडिओला कळवा. त्यातून आपल्यालाच शिकायला मिळेल.

आता रजा घेते. नमस्कार.